फुकटचे दहा गुण

"मी ‘घरचे ओळखत नाहीत’ ही उणीव घेतो," ओजस म्हणाला आणि त्याने आपल्या ड्रॅगनच्या कागदावर पेन्सिलने खूण केली. खेळाचा नियमच होता, पात्राने एक उणीव घेतली की त्याला दहा गुण जास्त मिळायचे. "ड्रॅगनला कुठलं आलंय घरदार? फुकटचे दहा गुण." ते सगळे त्याने ड्रॅगनच्या ‘अग्नी’ या शक्तीत टाकले. खेळ चालवणारी उर्वी नुसतीच हसली. त्या दुपारी फासे पडले आणि ओजसच्या ड्रॅगनने एका फुंकरीत अख्खा किल्ला जाळला.

संध्याकाळी घराचं दार आईने उघडलं. "कोण हवंय तुम्हाला?"

त्याला हसू आलं. ती हसली नाही. तिच्यामागे भिंतीवरच्या फोटोत आई होती, बाबा होते आणि दोघांच्या मध्ये त्याच्याएवढी जागा रिकामी होती. "पत्ता चुकला असेल," ती मायेने म्हणाली. "पाणी देऊ का?"

तो तसाच उर्वीकडे परतला. त्याचं ऐकता ऐकता तिचा चेहरा उतरला. तिने कागद आणि खोडरबर त्याच्यापुढे सरकवलं. "आत्ताच्या आत्ता खोड ती उणीव. दहा गुण जातील, जाऊ देत."

ओजसने खोडरबर उचललं. अग्नीसमोर वीस लिहिलेलं होतं, खोडल्यावर दहाच उरणार होते. त्याने उणिवांची यादी पुन्हा एकदा वरून खाली वाचली आणि खोडरबर बाजूला ठेवलं.

"उर्वी," त्याने विचारलं, "‘मित्र ओळखत नाहीत’ याचे किती मिळतात?"