रविवारचं वजन

दर रविवारी सकाळी पुण्याहून मुलीचा, गरिमाचा, व्हिडिओ कॉल येई. उमाजी वजनकाट्यावर उभे राहत आणि लीलाताई फोन आकड्यावर धरत. शुगरमुळे वजन असंच घटत राहिलं तर इन्सुलिन सुरू करावं लागेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. त्यामुळे डॉक्टरांना आकडा कळवायचं काम मुलीनेच स्वतःकडे घेतलं होतं.

“एकसष्ट! चार महिने झाले बाबा, टस की मस नाही,” ती खुशीत म्हणायची.

फोन बंद झाला की उमाजी बंडीच्या एका खिशातून खलबत्त्याचा बत्ता काढत, आणि गेल्या महिन्यापासून दुसऱ्या खिशातून नया बाजारात मिळालेलं दोन किलोचं माप. “सुई लागली की माणूस संपला, लीला,” एवढंच म्हणत. लीलाताई त्याच बत्त्याने चहासाठी आलं ठेचत. नवऱ्याच्या पायजम्याची नाडी दर आठवड्याला थोडी अधिक लोंबताना त्यांना दिसे. पण सांगून सांगून त्या थकल्या होत्या.

या रविवारी उमाजींनी स्वयंपाकघर पालथं घातलं. “लीला, बत्ता कुठाय? आणि ते माप?”

लीलाताईंनी तोवर फोन उचललाही होता. समोर मुलगी दिसताच उमाजी रिकाम्या खिशांनी काट्यावर चढले.

गरिमा स्क्रीनच्या जवळ आली. “आई, सत्तावन्न? काटा बिघडला का गं?”

“नाही,” लीलाताई म्हणाल्या. त्यांनी फोन जराही हलू दिला नाही. “चार महिन्यांत आज पहिल्यांदा बरोबर दाखवतोय.”