कड्यावरचं पिल्लू

"काका, अहो काय फोटो काढलाय! ससाण्याची मादी पिल्लाला भरवतेय, पीसन् पीस दिसतंय!" पक्षीमंडळाच्या ग्रुपवर त्याने पहिल्यांदाच धीर करून फोटो टाकला होता आणि तासाभरात अध्यक्षांचा फोन आला. "रविवारी आम्ही सगळे येतो. कडा तुम्ही दाखवायचा, डबे आमचे. एकटेच फिरता म्हणे? आता नाही सोडत तुम्हाला!"

तो नुसताच हसला. बायको गेल्यापासून त्याला कुणी कुठे बोलावलं नव्हतं. कोणता शर्ट घालावा, इथपर्यंत मन पोचलंसुद्धा.

मग कालची दुपार आठवली. आणखी जवळून टिपावं म्हणून तो झुडपाबाहेर आला, तशी मादी ओरडत उडाली. तो मागे हटेपर्यंत ती परतली नाही. तापलेल्या कपारीत पिल्लू चोच उघडून धापा टाकत राहिलं. आणि तेव्हा तर तो एकटाच होता.

"नाही हो, फोटो गेल्या वर्षीचा आहे," तो म्हणाला. "तिथं आता काही नाही."

"मग आत्ता कशाला टाकलात? वा काका, शिळंच वाढलंत की आम्हाला!" हसत हसत अध्यक्षांनी फोन ठेवला.

रविवारी तो लांबच्या झुडपाआड बसला. उन्हं कलल्यावर पिल्लू कपारीच्या काठापर्यंत चालत आलं आणि त्याने दोन्ही पंख उघडून वाऱ्यावर धरले.

"पाहिलंत?" म्हणत तो शेजारी वळला. शेजारी कॅमेऱ्याची रिकामी पिशवी होती.