इडाची काडतुसं

मोंटानातल्या त्या खोऱ्यात जो तो आपली काडतुसं घरीच भरायचा, आणि दुसऱ्याने भरलेलं काडतूस कुणी आपल्या बंदुकीत घालत नसे. म्हणून इडाचा नवरा वर्न वारल्यावर त्याची काडतुसं उकलायला शेजारचा डेल्बर्ट आला. पोकळ हातोड्यात काडतूस अडकवून लाकडावर ठोकलं, की शिशाची जाड गोळी आणि तिच्यामागची बंदुकीची दारू वेगळी व्हायची. वर्नच्या कार्बाइन बंदुकीच्या पन्नासही काडतुसांत दारू मापात निघाली.

"काय हात होता गड्याचा! एक कण इकडे नाही की तिकडे नाही."

मग त्याने दुसरा डबा उघडला. वर वर्नच्या अक्षरात लिहिलं होतं, 'इडाचं रिव्हॉल्व्हर, अस्वलासाठी.' पहिलं काडतूस ठोकलं. गोळी पडली, दारू पडलीच नाही. दुसऱ्यातूनही नाही. सहाव्यानंतर डेल्बर्टचा हात थांबला.

"अगं इडा, यात दारूच नाही! तो हिवाळाभर लाकूडतोडीला जायचा, तू इथे एकटी. अस्वल दारात आलं असतं म्हणजे?"

इडाने कॉफीचा कप त्याच्यापुढे ठेवला.

"अस्वल कधी आलं नाही. मी चाप एकदाच ओढला, चार वर्षांपूर्वी. माझा डावा हात वर्नने मोडला होता, म्हणून उजव्याने. तुम्ही बसलात ना, त्याच खुर्चीत वर्न बसला होता. नुसता फट् आवाज झाला. तो पोट धरधरून हसला आणि म्हणाला, 'झालं? चल, आता जेवायला वाढ.'"