सर्जा पोचला का?

मालनने वर्षभराचा मसाला करायला घेतला आणि चुलीशेजारच्या यंत्रात हौसाक्काची इमेज चालू केली. आक्काच्या मनाची, तिच्या हाताचं सगळं कसब भरलेली ही तयार प्रत सर्व्हरवरून घरोघर चालायची. काम झालं की बंद. पुढच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून.

"सर्जा पोचला का गं?" यंत्राने आधी हेच विचारलं. प्रत काढली त्या दुपारी आक्काचा मुलगा सर्जा मोटारसायकलवरून घरी यायला निघाला होता. तो पोचलाच नाही.

"पोचला, आक्का." असं सांगितल्याशिवाय ती पुढचं बोलत नसे.

"मग हलव की मिरची. भाजतीस का जाळतीस? नाकाला बूच लावलंयस काय?"

खरी हौसाक्का दारात उभी राहून ऐकत होती. मालन ओशाळली.

"तोंड लपवू नकोस," आक्का म्हणाली. "बंद करून परत लाव. एकदा मला सांगू दे तिला."

यंत्र पुन्हा सुरू झालं. "सर्जा पोचला का गं?"

"पोचला. जेवायला बसलाय," आक्काने सांगितलं.

कढईतली मिरची करपून ठसका उठला, तरी यंत्र गप्पच होतं. मग ते हळू आवाजात बोललं.

"खोटं बोलताना माझा आवाज असाच निघतो. कुठं पडला, सांग."