रंगाचं टेबल

"हा डोळा मेलेल्या माशाचा दिसतोय," म्हणत मावशींनी तयार बुबुळ ट्रेमध्ये परत टाकलं.

"फोटोतल्या रंगाशी तंतोतंत जुळतंय," समोरची मुलगी म्हणाली. "आधी तुमचा चष्मा बदला. सहा महिने सांगतेय."

"आणि तू पाणी पी. सकाळपासून घोटभर घेतलेलं नाहीस, म्हणून डोकं तापतंय."

व्यवस्थापकाने दारातच कपाळाला हात लावला. कृत्रिम डोळे बनवणाऱ्या या कार्यशाळेत त्याला येऊन पाच आठवडे झाले होते, आणि रंगाच्या टेबलावरची कटकट एक दिवस चुकली नव्हती. मावशी तीस वर्षं बारीक कुंचल्याने बुबुळं रंगवत होत्या. मुलगी तीच बुबुळं कॉम्प्युटरवर जुळवून छापायची. एकीचं 'आमच्या वेळी' संपलं की दुसरीचं 'आता तसं नसतं' सुरू.

साचे ओतणाऱ्या कारागिराला विचारलं, तर तो मान खाली घालून म्हणाला, "त्या दोघींच्या मध्ये पडू नका, साहेब."

पण पडावं लागलं. एका शिक्षिकेच्या डोळ्याचं काम या वादापायी दुसऱ्यांदा लांबलं. बिचारी पट्टी बांधून वर्गावर जात होती. मालकांनी व्यवस्थापकाला दम भरला, "सोमवारपर्यंत मिटवा. नाहीतर दोघींतली एक घरी बसेल."

कोण? मावशींचा हात की पोरीचं मशीन? त्याला अन्न गोड लागेना. तो स्वतः चाळिशीतला, ना इकडचा ना तिकडचा. शेवटी त्याने मुलीचं मशीन वरच्या मजल्यावर हलवलं. छापलेलं बुबुळ खाली यायचं, मावशींनी त्याभोवतीच्या पांढऱ्या भागावर शिरा रंगवायच्या. बोलायचं कामच नाही.

दुसऱ्याच दिवशी शिक्षिकेचा डोळा रवाना झाला. मालक खूश झाले.

व्यवस्थापकाला मात्र चैन पडेना. मावशी डबा न उघडताच परत न्यायच्या. मुलगी जिन्यात यायची, दोन पायऱ्या उतरायची आणि पुन्हा वर जायची.

पाचव्या दिवशी मावशी त्याच्या खोलीत येऊन उभ्या राहिल्या.

"तिला खाली आणा."

"मावशी, आता कुठे सुरळीत चाललंय! भांडण नाही, तंटा नाही."

"तेच तर."

"अहो, दिवसभर तुम्हाला टोचून बोलायची ती. इतक्या जुन्या माणसाशी कोणी असं बोलतं?"

"बोलू दे."

"पण का?"

मावशींनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"ती माझी सून आहे, साहेब. मुलगा वारल्यापासून घरात आम्ही एकमेकींशी अक्षरही बोलत नाही."