बर्फ फार होता

पालिकेचं यंत्र रस्ता साफ करून गेलं आणि जाताजाता तोमोएच्या फाटकात बर्फाच्या ढेकळांचा बांध घालून गेलं. रोजचंच. जपानातल्या या योकोते गावात त्यावरून कोणी शिव्यासुद्धा घालत नाही. घरासमोरची वाट तिने आधीच मोकळी केली होती. हा बांध फोडला की गाडी निघणार होती. आज तिच्या नवऱ्याच्या, शिगेओच्या डायलिसिसचा दिवस.

मागे दार सरकलं. शिगेओ रबरी बूट चढवून बाहेर आला. हातात लहान फावडं.

"अहो, आत व्हा बघू. सुया टोचतात त्या हाताला जपायला सांगितलंय ना?"

कडेच्या ढिगात त्याने फावडं खुपसलं, भरून उचललं आणि बर्फ मोकळ्या वाटेवर टाकला.

तिला वाटलं, नेम चुकला. ती हसलीसुद्धा. "उलटं चाललंय तुमचं."

त्याने आणखी टाकला. मग आणखी, बरोबर गाडीच्या चाकांसमोर. तोमोएचं हसू मावळलं.

"मला नाही जायचं," शिगेओ म्हणाला.

"आजच्या दिवस?"

"आजही आणि यापुढेही." त्याला धाप लागली होती. "एक दिवस सुया, एक दिवस नुसतं पडून राहायचं, की पुन्हा सुया. पुरे झालं गं. तू दवाखान्यात फोन कर. सांग, बर्फ फार होता, गाडीच निघाली नाही. तुला कोण बोल लावणार आहे?"

तिचे खांदे भरून आले होते. मनगटं तर हिवाळाभर ठणकत होती. बर्फ फार होता. क्षणभर ते वाक्य तिला फार हलकं वाटलं, आणि हलकं वाटलं याचीच तिला धडकी भरली.

ती वळली आणि त्याने टाकलेला बर्फ उपसू लागली. त्याने परत टाकला. तिने परत उपसला. दोघं म्हातारी माणसं, तोंडातून वाफा निघतायत, चार हात जागेसाठी झुंजतायत. समोरच्या घरातला पडदा हलला. तरी कोणी थांबेना. शेवटी शिगेओचाच पाय घसरला आणि तो ढिगावर बसला. फावडं हातातून सुटलं.

तिला धावावंसं वाटलं. ती धावली नाही. राहिलेला बर्फ काढला, फाटकातला बांध फोडला, ढेकळं एकेक करून रस्त्याकडेच्या पाटात ढकलली. पाण्यात ती धपकन पडत आणि वाहून जात. मग तिने गाडी सुरू केली, त्याच्याजवळ आणून उभी केली आणि आतूनच दार उघडलं.

"वाट मोकळी आहे," ती म्हणाली. "नसेल जायचं तर नका जाऊ. मी ओढून नेणार नाही. पण ते डॉक्टरांना तुमच्या तोंडाने सांगा. बर्फावर ढकलू नका. माझ्यावर तर नकोच."

गाडीतली ऊब उघड्या दारातून बाहेर चालली होती. तिने दार ओढून घेतलं नाही.

बऱ्याच वेळाने तो उठला. सीटवर बाहेर तोंड करून टेकला, पाय बाहेरच ठेवून, आणि आत घाण नको म्हणून एक बूट दुसऱ्यावर आपटत बर्फ झाडू लागला.