नऊ सह्या

टेलरताईच्या उमेदवारी अर्जावर लागणाऱ्या दहापैकी नऊ सह्या झाल्या होत्या. दहावी पाववाल्याची ठरली होती, आणि पालिकेची कचेरी पाचला बंद होणार होती. सवाचारला टेलरताई बेकरीत शिरली. मागून संस्थेच्या बाई.

बाहेरून येऊन स्थायिक झालेल्यांनी निवडणुकीला उभं राहावं म्हणून बाईंची संस्था झटत होती. तीन महिने बाई टेलरताईच्या दुकानात खेटे घालत होत्या. "गल्लीची सगळी गाऱ्हाणी तुम्हीच कचेरीत मांडता. मग आत खुर्चीत बसून मांडा की!" ताई आधी हसायची. मग एक दिवस हसायची थांबली.

पाववाल्यानं पिठाचे हात पुसले, पेन घेतलं आणि कागद वरपासून खालपर्यंत वाचला.

"ताई, ही सह्या करणाऱ्यांची नावं-पत्ते कुठं लावतात?"

"कचेरीबाहेरच्या फळ्यावर."

"म्हणजे येणारा-जाणारा वाचणार."

"नियमच आहे तसा," बाई म्हणाल्या.

त्यानं पेनाला टोपण लावलं. "धाकट्या भावाचे इथं राहायच्या परवान्याचे कागद अजून वर अडकलेत. आत्ता माझं नाव फळ्यावर नको." मग आवाज खाली आणून म्हणाला, "आपण इथं टिकलो ते कुणाच्या डोळ्यावर न येता. तुम्हाला हे काय सुचलं?"

याच बेकरीला नळजोड मिळावा म्हणून ताईनं त्याच्याबरोबर चार महिने कचेरीच्या पायऱ्या झिजवल्या होत्या. ते तिच्या अगदी ओठांवर आलं. तिनं अर्ज उचलला.

फुटपाथवर बाईंनी घड्याळ पाहिलं. "अजून अर्धा तास आहे. एका सहीचं काय एवढं? या वॉर्डातला कुणीही मतदार चालतो."

"तुम्ही बागेपलीकडच्या इमारतीत राहता ना?" टेलरताईनं विचारलं. "ती याच वॉर्डात येते."

बाई गोऱ्यामोऱ्या झाल्या. "अहो, मी पडले संस्थेची माणूस. आम्हाला कुणा एकाची बाजू घेता येत नाही."

"खरंय," ताई म्हणाली.

पाच वाजले तेव्हा दोघी तिथंच उभ्या होत्या. निघताना बाईंनी तिचा हात हातात घेतला. "पुढच्या वेळी नक्की हं!"

दुसऱ्या दिवशी सकाळी ताईनं दुकानाचं शटर वर केलं, तर समोर बसड्रायव्हर. पाववाल्याचं बोलणं गल्लीभर झालं होतं.

"ताई, अर्ज गेला नाही म्हणे. मग माझी सही तेवढी... बायकोनं डोकं खाल्लंय."

"फाडून टाकते ना."

"तुमच्यावर विश्वास आहे हो. पण डोळ्यांनी पाहिलं की बरं."

कापडाची मोठी कात्री ती कधी कागदाला लावू देत नसे, धार जाते. त्या दिवशी तिनं तीच उचलली, त्याच्या सहीची पट्टी कापली आणि त्याच्या हातावर ठेवली. त्यानं ती घडी करून खिशात घातली.

त्याच्यामागून प्लंबर आला. मग दवाखान्यातली आया, मग भाजीवाली आणि तिचा नवरा, मग आणखी तिघं. कुणी वाकडा शब्द बोललं नाही. सगळे खाली बघत आले आणि खाली बघत गेले. शेवटी शेजारची म्हातारी आली. तिनं ताईच्या गालावरून हात फिरवला, "माझी बाई ती," म्हणाली, आणि दुसरा हात पुढे केला.

दुपारपर्यंत नऊही सह्या ज्याच्या त्याच्याकडे गेल्या. टेबलावर अर्जाची वरची पट्टी उरली. तिच्यावर टेलरताईचं खरं, पूर्ण नाव होतं. ते न्यायला कुणी आलं नाही.